जायंट व्हीलचं वर्क फ्रॉम होम

इथल्या मराठी मंडळात कुणी लॉकडाऊनचा विषय काढला की झालं! कोरमंगल्यातली आयटीवाली पोरंपोरी एकेक किस्सा काढतात. कुणाचं मांजर मीटिंगमध्ये आलं, कुणी वर शर्ट आणि खाली बर्म्युडा घालून प्रमोशन मिळवलं. हसून हसून मुरकुंडी वळते सगळ्यांची. मग कुणीतरी माझ्याकडं वळतं, "सुनंदाताई, तुम्ही तर थीम पार्कमध्ये! रिकाम्या राइड्स, मज्जाच असेल ना?"

मज्जा! माझं डोकं तिथंच सणकतं.

मी मूळची निपाणीची. होसकोटेच्या पुढं एका पार्कात बावीस वर्षं राइड ऑफिसला आहे. रोज सकाळी कुठली राइड कुणी तपासली, सही कुणाची, ते रजिस्टर माझ्याकडं असतं. त्या दिवसांतले किस्से आता नाही सांगायचे असं मी दर वेळी ठरवते आणि दर वेळी सांगते. सांगितल्याशिवाय राग उतरत नाही. सांगूनही उतरत नाही, ते वेगळं!

*

पहिलं फर्मान आलं ते ईमेलवर. कोरमंगल्याच्या ऑफिसात आमचे ऑपरेशन्स हेड बसतात, आम्ही त्यांना हेडसाहेब म्हणतो. पार्कात महिन्यातून एकदा येतात, तेही बूट भिजतील म्हणून वॉटर राइडच्या बाजूला फिरकत नाहीत. त्यांनी लिहिलं, 'उद्यापासून सर्व कर्मचारी वर्क फ्रॉम होम करतील.'

सर्व म्हणजे सर्व! राइडवाले, माळी, झाडूवाले, वेव्ह पूलचे लाइफगार्ड. मी तो मेल सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. आमचा बसवअण्णा जायंट व्हीलचा ऑपरेटर, विजापूरकडचा, एकोणीस वर्षं त्याच व्हीलवर. त्यानं शांतपणे ऐकलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "अक्का, माझी खोली दहा बाय दहा आहे. व्हील कुठं ठेवू?"

हसलो आम्ही त्या दिवशी. तेवढंच हसलो.

*

बसवअण्णाचं आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्या पार्कात थोरल्या मालकांनी घालून दिलेला एक रिवाज आहे. राइड ठीक आहे अशी जो सही करेल, पहिला फेरा त्यानं स्वतः घ्यायचा. मग गेट उघडायचं. सहीच्या शेजारी एम्प्लॉयी नंबरही लिहायचा, बाहेरच्या माणसाची सही चालत नाही. बसवअण्णाचा नंबर एक्केचाळीस. रोज सकाळी तो नट-बोल्ट बघायचा, बेअरिंगला कान लावायचा, कानडीत सही करायचा आणि सात नंबरच्या डब्यात जाऊन बसायचा. खाली बटणावर ललिता. तिचा नंबर एकशे तीन. एकोणीस वर्षांत तो बसलाय आणि बटण दुसऱ्या कुणाच्या हातात आहे, असं कधी झालं नाही. ललिता रजेवर असली की तो व्हीलच उघडायचा नाही!

एकदा शाळांच्या सहलींचा दिवस होता. रांग पार पार्किंगपर्यंत गेलेली. अण्णानं कान लावला आणि म्हणाला, "आज नाही." मॅनेजर येऊन थयथयाट करून गेला. अण्णा स्टुलावर बसून राहिला. संध्याकाळी कंपनीचा इंजिनियर आला, बेअरिंग उघडलं, आत बघितलं आणि अण्णाचा खांदा थोपटून गेला. अहो, हा असला माणूस!

*

महिन्याभरानं झूम मीटिंग. हेडसाहेबांच्या मागं समुद्रकिनारा आणि नारळाचं झाड. "वी आर अ फॅमिली," हे ते चार वेळा म्हणाले. मी मोजलं. चौथ्यांदा म्हणाले तेव्हाच मला कळलं की आता काहीतरी वाईट सांगणार.

सांगितलं. अकरा जण 'इसेन्शियल', बाकीच्यांनी यायचं नाही, ओळखपत्रं गेटवर जमा करायची. नंबर सिस्टिममधून काढले. अकरात मी होते, रजिस्टरमुळं. एक इलेक्ट्रिशियन होता. लॉनला पाणी घालायला तीन माळी होते. तीन! राइडवाला एकही नाही.

बसवअण्णानं हात वर केला. त्याला अनम्यूट करायला पाच मिनिटं गेली. म्हणाला, "सर, व्हील आठवड्यातून एकदा फिरवावं लागतं. एकाच जागी उभं राहिलं तर सगळं वजन बेअरिंगच्या एकाच बाजूला येतं."

हेडसाहेब हसले. "बसवराज, जो चीज बंद है, वो खराब कैसे होगी?"

आणि मीटिंग संपली. एकोणीस वर्षं त्या वाक्यात संपली! मी हातातलं पेन भिंतीवर फेकलं. अजून डाग आहे तिथं.

*

रफीकचं तर विचारूच नका. आमच्या पार्काचं एक अस्वल आहे, पोरं त्याच्याबरोबर फोटो काढतात. त्या अस्वलाच्या आत बारा वर्षं रफीक. लॉकडाऊनमध्ये मार्केटिंगच्या कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं, अस्वलाचा व्हिडिओ करू, 'घरीच राहा, सुरक्षित राहा'. अकराबाहेरच्या रफीकला परत कामावर बोलावलं. एवढ्या उकाड्यात तो कातड्यात शिरला. मग कॅमेरावाला म्हणाला, अस्वलाला मास्क लावा. मोठा मास्क शिवून आणला, अस्वलाच्या तोंडाला लावला. आत रफीक, घामानं निथळत, तोंडावर काही नाही!

व्हिडिओ खूप चालला. आमच्या निपाणीच्या ग्रुपवरसुद्धा आला, म्हणजे बघा. चौथ्या दिवशी रफीकला फोन गेला, आता घरीच राहा.

त्यानं मला व्हॉट्सअ‍ॅपवर एवढंच लिहिलं, 'अक्का, मेरा डायलॉग मुझको ही बोला.'

*

आता व्हीलचं. अण्णाला होसकोट्यातच खोके बनवायच्या कारखान्यात काम मिळालं. पण पहिल्याच गुरुवारी दुपारी त्याचा फोन. "अक्का, जेवायची सुट्टी आहे. इलेक्ट्रिशियन आहे का? व्हील जरा फिरवा. स्वल्प. आणि फोन बेअरिंगजवळ धरा."

मी धरला. रिकामं व्हील कुरकुरत फिरलं. अण्णा तिकडून ऐकत होता. "सरी, ठीक आहे. आता उलटं." मी फोन दुसऱ्या बाजूला नेला. "ग्रीस द्या, डावीकडच्याला. बास." आणि ठेवला.

असं दर गुरुवारी. उन्हाळा गेला, पाऊस गेला, मध्ये पार्क उघडणार म्हणून आवई उठली, परत बंद झालं. ह्याचा फोन काही चुकला नाही. कारखान्यात मागं मशिनचा धडधडाट, आणि हा एका कानात बोट घालून माझ्या फोनमधून बेअरिंग ऐकणार. एकदा मीच चिडले, म्हटलं, "अण्णा, त्यांनी तुम्हाला काढलंय! पडू दे की ते व्हील!"

तर म्हणतो कसा, "व्हीलनं कुठं काढलंय?"

मग हेडसाहेबांच्या लक्षात आलं की बंद पार्कात गुरुवारी वीज जास्त जळते. मला फोन. मी सांगितलं, सर, व्हील फिरवतो. "बंद पार्क में व्हील? पिकनिक चल रही है क्या वहाँ?" आणि मला मेमो! तो मेमो मी फ्रेम करून लावणार होते, नवऱ्यानं अडवलं. व्हील मात्र फिरवत राहिलो. इलेक्ट्रिशियन म्हणाला, अक्का, मेमो तुम्हाला आलाय, मला नाही.

*

मध्ये पन्नास माणसांच्या लग्नांना परवानगी मिळाली. लगेच आमचं लॉन भाड्यानं! तीन माळी कशाला ठेवले होते ते तेव्हा उमगलं मला. पहिलंच लग्न हेडसाहेबांच्या नात्यातलं.

केटररनं आणलेल्या बायकांमध्ये मी ललिताला बघितलं. जायंट व्हीलची ललिता! हातात पापडांचा ट्रे. मी तोंड वळवलं. ती मात्र ताठ. हेडसाहेब पंगतीला बसले होते, त्यांनी मास्कवरूनही तिला ओळखलं. "अरे, आप तो यहीं काम करती थीं ना?"

ललितानं पापड वाढला. "हाँ सर. फॅमिली का फंक्शन है, आना पडता है."

साहेबांना ठसका लागला. पाणीही तिनंच दिलं.

*

शेवटी पार्क उघडायचं ठरलं. मला वाटलं, आता तरी आपली माणसं परत घेतील. मी यादी केली, नंबरासकट, आणि पाठवली. उत्तर आलं, 'राइड्स आउटसोर्स केल्या आहेत.' एजन्सीची पोरं आली. दोन दिवस स्लाइड्स दाखवून ट्रेनिंग. त्यातल्या एकानं सॅनिटायझर थेट कंट्रोल पॅनलवर मारला, धूर निघाला. त्यांचा काय दोष म्हणा, त्यांना तरी कुणी काय शिकवलं होतं?

मी त्या रात्री अण्णाला फोन करून सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गुरुवारी फोन करू ना?"

*

उद्घाटनाचा दिवस. व्हीलला फुलांच्या माळा, रिबन, फोनवर व्हिडिओ करणारी पोरं, ड्रोन. थोरले मालक व्हीलचेअरवर आले होते, नाकाखाली घसरलेला मास्क, पण नजर तशीच. मी रजिस्टर घेऊन उभी. व्हीलच्या पानावर सही होती हेडसाहेबांची, नंबरासकट. आदल्या दिवशी कोरमंगल्यातून स्कॅन करून पाठवलेली!

थोरल्या मालकांनी रजिस्टर मागितलं. पान बघितलं. विचारलं, "पहिला फेरा?"

मी म्हटलं, "सही हेडसरांची आहे, सर."

हेडसाहेबांनी वर बघितलं. व्हील केवढं उंच आहे ते त्यांनी बहुतेक त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. मग बटणापाशी उभ्या एजन्सीच्या पोराकडं बघितलं. पोरगं दोन पावलं मागं सरकलं.

कपाळाचा घाम पुसत हेडसाहेब हळूच म्हणाले, "वो बसवराज का नंबर है किसी के पास?"

होता. माझ्या फोनमध्ये सगळ्यात वरती तोच.

अण्णा वीस मिनिटांत आला, कारखान्याच्या निळ्या शर्टात, केसांवर पुठ्ठ्याचा भुसा. कुणाकडं बघितलं नाही. व्हीलभोवती फिरला, नट-बोल्ट बघितले, बेअरिंगला कान लावला. डोळे मिटले. "आयतु," म्हणाला. झालं म्हणे! हेडसाहेबांनी घाईघाईनं स्वतःची सही खोडली आणि पेन पुढं केलं.

अण्णानं पेन घेतलं, नाव लिहिलं, सही केली आणि थांबला. "नंबर काय लिहू? माझा नंबर काढलाय."

"नया नंबर दे देंगे, कल."

"एक्केचाळीस," अण्णा म्हणाला आणि पेन रजिस्टरवर ठेवलं.

मग कोरमंगल्याला फोनाफोनी. एचआरची मुलगी म्हणे, सर, सिस्टिम जुना नंबर घेत नाही! थोरले मालक म्हणाले, "मग सिस्टिमला बोलवा इकडं, तीच बसेल पहिल्या फेऱ्याला." पाऊण तास गेला. व्हिडिओवाली पोरं कॉफी पिऊन कंटाळली, ड्रोनची बॅटरी संपली. अण्णा त्याच्या जुन्या स्टुलावर हाताची घडी घालून बसलेला. शेवटी माझ्या ऑफिसच्या प्रिंटरवर पत्र आलं. बसवराज, जायंट व्हील, कायम, नंबर एक्केचाळीस. थोरल्या मालकांनी स्वतः शिक्का मारला.

अण्णानं पत्र दोनदा वाचलं, चार घड्या घालून खिशात ठेवलं. रजिस्टरमध्ये एक्केचाळीस लिहिलं. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू! हेडसाहेबांनी टाळ्या वाजवल्या, रिबनची कात्री उचलली. "चलो चलो, बैठो बसवराज!"

अण्णा सात नंबरच्या डब्यापाशी गेला. दार उघडलं. एक पाय आत ठेवला. बटणापाशी उभ्या एजन्सीच्या पोराकडं बघितलं, अगदी प्रेमानं. मग पाय बाहेर काढला, दार लावून घेतलं आणि परत स्टुलावर येऊन बसला.

"अब क्या हुआ?" हेडसाहेब ओरडले.

अण्णानं त्यांच्याकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघून विचारलं, "अक्का, ललिताचा नंबर काय होता?"