ओढून घेतलेलं दार

शेजारच्या रूथबाईंनी आमच्या या परदेशी गावातल्या वाचनालयात यिडिश मंडळ सुरू केलं. यिडिश ही त्यांच्या आजी-आजोबांची, पूर्व युरोपातल्या ज्यू घरांतली भाषा. पहिल्या बैठकीला त्यांनी मलाही आग्रहाने नेलं. थोडी म्हातारी माणसं, मधे चहा. आपली आई कशी रागवायची, ते ज्याने त्याने तिच्याच शब्दांत सांगायचं होतं. एका आजोबांनी आईची ठेवणीतली शिवी मोठ्याने म्हणून दाखवली. सगळे हसले, ते मात्र डोळे पुसत राहिले. त्या भाषेत रागावणारं आता त्यांना कुणी उरलं नसावं.

तेवढ्यात धुळ्याहून आईचा फोन आला. मी चटकन उठून बाहेर गेले, दार ओढून घेतलं आणि हलक्या आवाजात अहिराणीत बोलू लागले. पुण्यात हॉस्टेलवर मुली माझ्या अहिराणीला हसायच्या, तेव्हा लागलेली सवय. इथे तर अहिराणीचा एक शब्दही कुणाला कळला नसता. मग मी लपवत होते ते कुणापासून?

"इतलं हळू का बरं बोली ऱ्हायनी?" आईने विचारलं. "कोणी जपेल शे का?"

कुणाची झोप मोडू नये म्हणून मी हळू बोलतेय, असं तिला वाटलं.

"हां," मी म्हणाले, आणि आवाज आणखी खाली आणला.