आकारामचं मनगट

शालूबाईनं आकारामला पहिल्यांदा नीट पाहिलं ते लग्नाची हळद उतरायच्या आत, गोठ्यात. लग्नात मुंडावळ्यांच्या आड चेहरा दिसला नव्हता. गोठ्यातही तो म्हशीच्या पोटाला टेकलेला, त्यामुळे दिसले ते हातच. दोन्ही मुठी एकीमागून एक मिटत होत्या, उघडत होत्या आणि चरवीत फेस चढत होता. माणूस कामाचा आहे, एवढं तिनं ठरवून टाकलं. चेहऱ्याचं पुढं बघता येईल.

आकाराम रोज संध्याकाळी आपली म्हैस, बिजली, गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर नेई. गिऱ्हाइकाच्या देखत पेल्यात धार काढायची आणि त्यानं ते दूध उभ्या उभ्या, फेसासकट प्यायचं, असा तिथला रिवाज. पाणी घालायला जागाच नाही. बिजली नावाचीच बिजली; बैलगाड्यासुद्धा तिला मागं टाकून जात. पण आकारामखेरीज कुणाचा हात लागला की ती पान्हा चोरी.

चौऱ्याहत्तर सालच्या वैशाखात आकारामच्या भाच्याचं लग्न झालं. मांडवात सगळ्यांना जाजम आणि नवरदेवाच्या मामाला मानाची म्हणून एक घडीची लोखंडी खुर्ची. जेवणं झाल्यावर मुलीकडचे एक लठ्ठ काका त्या खुर्चीभोवती घोटाळू लागले. आकाराम मुरलेला होता. त्यानं उजवा हात खुर्चीच्या पाठीवरून मागं टाकला, तिची कड दंडाखाली घट्ट दाबून धरली आणि तसाच झोपी गेला. बुंदी जरा जास्तच झाली होती. मांडवाचे वासे सुटू लागले तेव्हा त्याला उठवलं. खुर्ची शाबूत होती. हात मात्र मनगटापासून खाली लोंबत होता.

"मुंग्या आल्यात," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही मनगट उचलेना. त्यानं देवाला हात जोडले तर डावा हात नमस्कार करी आणि उजवा पाया पडे. तालमीत मालिश करणारा केरबा आला. त्यानं हात ओढला, पिळला, पावशेर तेल जिरवलं आणि निकाल दिला.

"लकवा हाय. पारव्याचं रगत चोळाय पायजे."

"पारव्यानं तुमचं काय घोडं मारलंय, भावजी?" शालूबाईनं विचारलं.

आकाराम पारव्याला तयार होता. शालूबाईच्या डोळ्यांपुढं बिजली होती. सकाळी तिनं स्वतः धार काढून पाहिली, तर चरवीचा तळसुद्धा झाकला नव्हता. असेच दिवस गेले तर म्हैस आटणार. आटलेल्या म्हशीला कट्ट्यावर जागा नाही आणि कट्ट्यावाचून आकारामला दुसरं काही येत नव्हतं. ती त्याला राजारामपुरीत एका डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी तोंड वाकडं झालंय का पाहिलं, चालून दाखवायला सांगितलं, कोपर ताठ करायला लावलं. सगळं ठीक. मग अंगठ्यामागच्या कातडीवर टाचणी टोचली. आकाराम भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिला.

"कुठं झोपला होता?"

"झोपलोच न्हवतो. खुर्ची राखत हुतो."

"घोरत राखत हुते," शालूबाई म्हणाली.

"हा लकवा नव्हे," डॉक्टर म्हणाले. "खुंट्याला दावं गुंडाळावं तशी एक नस दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून खाली उतरते. मनगट आणि बोटं वर उचला, हा निरोप तिच्यातून जातो. खुर्चीची कड आणि हाड यांच्यामध्ये ती चेंगरलीय. तुटलेली दिसत नाही. येईल परत, पण तिच्या चालीनं. आणि ते ओढणं-पिळणं बंद."

"मुठीत बी जोर न्हाय की, सायेब."

डॉक्टरांनी त्याचं मनगट खालून उचलून धरलं आणि आपली दोन बोटं त्याच्या मुठीत दिली. "दाबा."

आकारामनं दाबली. डॉक्टरांनी बोटं सोडवून घेतली आणि झटकली.

"जोर आहे," ते म्हणाले. "मूठ मिटायच्या नसा वेगळ्या, त्या धडधाकट आहेत. मनगट पडलं की मुठीला धर मिळत नाही, इतकंच."

मनगट वर राहील अशी प्लास्टरची पट्टी त्यांनी बांधून दिली. त्या पट्टीसकट आकाराम संध्याकाळी कट्ट्यावर म्हशीखाली बसला. मूठ झकास मिटली; उघडायला मात्र तयार होईना. बिजलीला हा ताल पटला नाही. तिनं पाय उचलला आणि धार गिऱ्हाइकाच्या धोतरावर गेली.

"आकाराम, पेला हिकडं हाय की!"

घरी आल्यावर शालूबाई म्हणाली, "उद्या मी बसते. तुमी तिच्या म्होरं हुबं ऱ्हावा."

"कट्ट्यावर? बाईमाणसानं?"

"म्हस कोण हाय मग?"

 दुसऱ्या दिवशी आकाराम बिजलीच्या तोंडाशी उभा राहिला आणि प्लास्टरचा हात तिच्या मानेवर ठेवून तिला रोजच्या शिव्या देऊ लागला. शालूबाई खाली बसली. बिजली आवाजाला फसली की तिनं तडजोड केली, ते कळलं नाही. पण तिनं पान्हा सोडला.

"काय आकाराम, आता तुला काय काम?" कट्ट्यावर कुणीतरी विचारलं.

"बोलायचं काम माज्याकडं हाय," आकाराम म्हणाला.

तो म्हशीशी बोले आणि उरलेल्या वेळात बायकोला शिकवी. आषाढ संपत आला तरी शिकवणं चालूच होतं. एकदा पट्टी काढून, डाव्या हातानं मनगट चोळत तो उभा होता. "अगं, तसं न्हवं, अंगठा आत घे," म्हणून त्यानं उजवा हात पुढं करून दाखवला. शालूबाईच्या मुठी थांबल्या.

"पुन्यांदा दावा."

"काय दावू?"

"आत्ता दावलं त्येच."

त्यानं हात पुढं केला. मनगट थरथरत वर आलं, क्षणभर राहिलं आणि पडलं. दोघंही त्याच्याकडे बघत बसली.

"वैनी," समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, "पेला अर्धाच हाय."

मनगटामागून बोटं आली आणि सगळ्यात शेवटी, दसऱ्याच्या सुमाराला, अंगठा. मग एका संध्याकाळी आकाराम म्हणाला, "ऊठ आता. मी बसतो."

"ह्यो पेला हुंदे," शालूबाई म्हणाली.

त्या पेल्यामागून दुसरा आला, दुसऱ्यामागून तिसरा. तिच्या हातची सवय आता बिजलीलाही झाली होती आणि गिऱ्हाइकांनाही. आकाराम काही दिवस नुसता उभा राहिला, मग पंढरपूरकडच्या बाजारात जाऊन आणखी एक म्हैस घेऊन आला.

तेव्हापासून कट्ट्यावर त्यांच्या दोन म्हशी उभ्या राहू लागल्या. एकीखाली आकाराम बसे, दुसरीखाली शालूबाई.