चवीचा तुकडा

माझी थोरली बहीण विमलाताई लग्न होऊन वसईजवळ सांडोरला गेली, तेव्हा मी सातवीत होतो. आज माझ्या निवृत्तीला चौदा महिने उरले आहेत आणि ताई अजून त्याच वाडीत आहे. भाऊजी गेले, मुलगा कुशल नोकरीला लागला, आजूबाजूला इमारती आल्या. पण केळीच्या कडेने दुधीचा मांडव, काकडीचे वेल, अळू, वाल हे सगळे तिने एकटीने चालू ठेवले. सकाळी सातला ती वसईच्या बाजारात गोणपाट अंथरून बसते. तिच्या मालाला कधी कोणी नख लावून पाहिले नाही. ‘विमलचा दुधी’ एवढे म्हटले की झाले.

त्यामागे तिची एक रीत होती. ती तिला सासूने शिकवली. तोडणीच्या वेळी प्रत्येक वेलाच्या एका फळाचा देठाकडून नखाएवढा तुकडा कापायचा आणि चावून बघायचा. कडू लागला तर त्या वेलाचे एकही फळ टोपलीत जायचे नाही, वेल मुळासकट बाहेर. गोड असेल तर तुकडा गिळायचा. वाडीने दिलेले चांगले अन्न थुंकायचे नाही, हेही सासूचेच. कापलेली फळे घरच्या भाजीला, उरतील ती शेजारीपाजारी.

गेल्या दिवाळीनंतर ताईची साखर फार वाढली. पायाला मुंग्या येऊ लागल्या. मी तिला आहारतज्ज्ञाकडे घेऊन गेलो. ऋतिका नावाची तरुण मुलगी होती, समजावून सांगण्याची हातोटी चांगली.

“आजी, भात मोजायचा, केळी मोजायची, कोनफळ, रताळं मोजायचं. ती वाळवलेली सुकेळी तर नक्की. काकडी, दुधी, पालेभाजी यांचं टेन्शन नका घेऊ, पोटभर खा.”

मी विचारले, “पण त्यांतही कार्ब असतातच ना?”

“असतात काका. पण इतके कमी की मोजणाऱ्याचाच वेळ जातो.”

हे मला पटले नाही. मी बी.कॉम. झालो आणि पस्तीस वर्षे ऑडिट विभागात काढली. रक्कम लहान आहे म्हणून नोंद सोडायची नाही, हे मी कित्येक नवीन मुलांना शिकवले आहे. मी दोनशे पानी वही आणली, रकाने आखले: वेळ, पदार्थ, वजन, कॅलरी, कार्ब. एक छोटा वजनकाटाही घेतला. ताईला म्हणालो, “ती मुलगी काही म्हणो. तोंडात जाईल ते सगळं लिहायचं. भाजीसुद्धा. दर शुक्रवारी मी येऊन तपासणार.”

“बरं बाबा, साहेब,” ताई हसली. “पाणी लिहायचं की तेवढं माफ?”

पहिल्या शुक्रवारी वही उघडली. भात, भाकरी, चहा, सगळे नीट. पण रोज पहाटेच्या रकान्यात तिच्या वाकड्या अक्षरात ओळीने लिहिलेले: दुधी चव, दुधी चव, काकडी चव, काकडी चव. एका सकाळी अडतीस नोंदी.

“हे काय?”

“तूच म्हणालास ना, तोंडात जाईल ते.”

“ताई, अडतीस तुकडे! रिकाम्या पोटी तू एक अख्खी काकडी खातेस.”

“अरे, ते खाणं नाही, काम आहे माझं.”

“गिळतेस ना? मग ते खाणंच.”

“वाडीचं थुंकू होय?”

“मग चाखूच नकोस. चाळीस वर्षं वाडी करतेस, नुसत्या नजरेने कळत नाही तुला?”

मी लाल शाईने समासात लिहिले: ‘अनावश्यक. टाळावे.’

पुढच्या शुक्रवारी पहाटेचे रकाने कोरे होते. मला फार बरे वाटले. मी पानाखाली ‘उत्तम’ असा शेरा मारला, सही केली, तारीख घातली. चव घेणे बंद केले तर वेल पारखायचे कसे, हे मी विचारले नाही. तिनेही सांगितले नाही. धाकटा भाऊ शिकलेला, आपल्या पायासाठी धडपडतोय, त्याचा शब्द कशाला मोडा, असे तिला वाटले असणार.

तिसऱ्या आठवड्यात बेटीबाईंच्या भाच्याचा फोन आला. बेटीबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, सव्वीस वर्षांपासून ताईच्या गिऱ्हाईक. वजन कमी करायचे म्हणून रोज सकाळी दुधीचा रस घ्यायच्या. त्या दिवशी रस घेतल्यावर अर्ध्या तासात उलट्या सुरू झाल्या, रक्तदाब उतरला, इस्पितळात ठेवावे लागले. डॉक्टर म्हणाले, कडू दुधीने असे होते.

आम्ही दोघे भेटायला गेलो. हाताला सलाईन, ओठ सुकलेले. ताई पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली.

मी विचारले, “बाई, रस कडू लागला नाही?”

“लागला की. चांगला कडूजहर लागला.”

“मग ओतून का नाही दिलात?”

“विमलचा दुधी कडू कसा असेल? मला वाटलं, वयाने माझ्याच तोंडाची चव गेली. देवाचं नाव घेतलं आणि सगळा ग्लास संपवला.”

ताईने पलंगाची दांडी घट्ट धरली. बाहेर रिक्षात बसल्यावर मी काय बोललो ते लिहायला लाज वाटते. मी म्हणालो, “एखादा वेल असतो तसा.”

“असतो ना,” ती बाहेर बघत म्हणाली. “म्हणून तर जीभ लागते.”

कुशलने कळवले, आईने चांगला लागलेला दुधीचा मांडव सगळा उपटून टाकला, बाजारात जात नाही. पाचव्या दिवशी मी गेलो. ताई ओट्यावर वाल सोलत होती. वही कोनाड्यात होती. मी ती उघडली. ज्या पहाटे बेटीबाईंचा तो दुधी तोडला त्या दिवसाच्या पानावर माझी सही होती आणि वर ‘उत्तम’.

तिथून मी एकटाच बेटीबाईंकडे गेलो. त्या घरी आल्या होत्या, आरामखुर्चीत पेज पीत होत्या. मी सगळे सांगितले, वहीही दाखवली. त्यांनी चष्मा लावून शाळेची वही तपासावी तशी ती तपासली.

“नरहरी, दुधीत कॅलरी किती रे?”

“शंभर ग्रॅमला पंधरा.”

“आणि नखाएवढ्या तुकड्यात?”

मी मनात भागाकार केला; पुरती एकही भरेना.

“मोजायला लावलंस ते लावलंस. चाखू नको म्हणालास, ते वाईट केलंस,” त्या म्हणाल्या. “मी मेले असते तर विमलने वाडी विकली असती, एवढं लक्षात ठेव. आता मला सांगून उपयोग नाही. बाजारात जाऊन सांग. आणि तिला म्हणावं, बेटी शनिवारी दुधी न्यायला येणार.”

“दुधी आता कुठला? मांडवच उपटला.”

“मग काकडी नेईन!”

शनिवारी मी रजा टाकली आणि पहाटे वाडीवर गेलो. ताईने काकडीचा तुकडा कापला, तोंडात टाकला, पुढच्या वेलाकडे गेली. माझ्याकडे बघितले नाही. सातला आम्ही बाजारात बसलो. बेटीबाई भाच्याचा हात धरून आल्या, दोन किलो काकडी घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ताईची विचारपूस केली. मीही येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागलो, चूक माझी होती, मी तिला चाखू दिले नाही. दोघे-तिघे हसले. एक बाई म्हणाल्या, “असेल हो भाऊ, पण घरात लहान मुलं आहेत. मावशी, आधी तुकडा कापून द्या हं.”

ताईने कापून दिला.

आता तीन महिने झाले. ताईची साखर उतरली आहे. ऋतिका म्हणाली, भात आणि सुकेळी कमी केल्याचा गुण. काकडी-दुधीचा तिने उल्लेखही केला नाही. नवा मांडव लागला, ताई पूर्वीसारखी प्रत्येक वेल चाखते. बाजारात मात्र अजून रोज चार-पाच जण तुकडा मागतात. चव घेतात, मान हलवतात आणि टोपलीतला दुसरा, न कापलेला दुधी नेतात. पूर्वी तिच्या नुसत्या शब्दावर माल जायचा.

कापलेले दुधी दुपारपर्यंत तसेच पडून राहतात. ऑफिसातून येताना मी वाकडी वाट करून ते वाडीवरून घेतो. ताई नको म्हणते. मी ऐकत नाही. घरी रोज दुधीचीच भाजी होते. पहिला घास घेताना मी थोडा वेळ जिभेवर ठेवतो, मग गिळतो. कुठेही लिहीत नाही.