मेणाच्या दोऱ्याचं दुसरं टोक

दोन कंपन्या एक झाल्या असं छापून येतं तेव्हा खरं काय झालेलं असतं ते सांगते. एकीने दुसरीला विकत घेतलेलं असतं. आमची विकली गेलेली. ‘विलीनीकरण’ हा शब्द आम्हाला नोटीस बोर्डावर भेटला, तोही इंग्रजीत, आणि खाली दोन हात एकमेकांत गुंफल्याचं चित्र. मी कामगारांची पत्रकं लिहिते. सांगायचं ते सोडून चित्र लावणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही.

आमचा कारखाना बडोद्यात, मकरपुऱ्याला. मोठमोठी इलेक्ट्रिक पॅनेलं तिथे बनतात. गोदरेजच्या कपाटासारखी पण त्याहून रुंद लोखंडी पेटी, आणि आत वायरींचं जंगल. वायरी जोडायचं काम बहुतेक आम्हा मुलींकडे. ज्यांनी आम्हाला विकत घेतलं त्यांचा कारखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. तो त्यांनी बंद केला, जागा विकायला काढली, आणि तिथली माणसं बसमध्ये भरून आमच्या हॉलमध्ये आणून सोडली. त्यामुळे एका हॉलला दोन फोरमन झाले. हॉलला एकच फोरमन लागतो, हे पहिल्या दिवसापासून झाडूवाल्यालाही कळत होतं. दिवाळीपर्यंत दोघांपैकी एक जाणार. कोण, एवढंच उरलं होतं.

आमचे फोरमन म्हणजे काका. राहायला तरसालीला, आमच्या सोसायटीच्या मागच्या बाजूला. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, त्यामुळे दसऱ्याला घरातली तलवार पुसून आम्हाला दाखवायचे, आणि दर वर्षी तीच गोष्ट सांगायचे. निवृत्तीला अजून बरीच वर्षं होती. दोन मुली कॉलेजात. या वयात दुसरीकडे कोणी उभं करणार नाही, हे ते स्वतःच म्हणायचे.

काकांच्या हॉलची एक रीत होती. वायरींचा जुडगा बांधायला आता सगळीकडे प्लॅस्टिकच्या पट्ट्या वापरतात. ओढली की बसली, शेपूट कापलं की झालं. काका दोरा वापरत. सुती दोऱ्याला मेण चोळायचं आणि जुडग्याला फास देत देत पुढे जायचं. पट्टी आवळते, दोरा धरतो, असं त्यांचं म्हणणं. मालकांनाही ते चालत होतं, कारण आमची पॅनेलं उघडली की आतून वेणी घातल्यासारखी दिसत.

मेण लावायला दोन माणसं लागतात. एकाने टोक ताणून धरायचं, दुसऱ्याने मेणाची वडी चोळत दोऱ्यावरून चालत जायचं. हे रोज सकाळी, काम सुरू व्हायच्या आधी. कोणी कोणाबरोबर धरायचं ते काका ठरवत, आणि आदल्या दिवशी ज्या दोघींचं वाजलं असेल त्यांनाच नेमकं समोरासमोर उभं करत. ताणलेल्या दोऱ्याच्या दोन टोकांना उभं राहून फुगून बसता येत नाही. एकीने ढिला सोडला तर दुसरीच्या हातून वडी निसटते, मग बोलावंच लागतं, निदान शिवी तरी द्यावी लागते. मी या हॉलमध्ये माझी सगळ्यात मोठी भांडणं अशीच मिटवली आहेत.

समोरचे फोरमन गुजराती, हरणीला राहणारे. त्यांना सगळे भाई म्हणत. हळू बोलणारा, इस्त्रीच्या शर्टाचा माणूस. ते आले त्या दिवशी काकांनी आम्हाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हटलं, “आले घरजावई.” भाईंचा जन्म बडोद्यातला, मराठी त्यांना पुरतं समजत होतं. ते वळले आणि शांतपणे म्हणाले, “काका, घरजावईला सासरे जेवायला तर वाढतात ना?”

काका वळून कामाला लागले, शेवटचा शब्द दुसऱ्याला देऊन. हे मी पहिल्यांदाच बघितलं.

मग टीम बांधायची लाट आली. बाहेरून एक ट्रेनर आणला. आम्हाला कँटीनमध्ये गोल उभं केलं, छातीवर स्टिकर लावले, आणि लोकरीचा एक गुंडा हातात दिला. धागा धरून गुंडा समोरच्याकडे फेकायचा आणि त्याच्याबद्दल एक चांगली गोष्ट बोलायची. ज्याचं नाव काल कळलं त्याच्याबद्दल काय बोलणार? ‘हसतमुख आहे’ असं सगळे सगळ्यांबद्दल बोलले. शेवटी कँटीनभर लोकरीचं जाळं झालं. ट्रेनर म्हणाला, बघा, आपण कसे जोडले गेलो. काकांनी ते जाळं खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, “साहेब, हा गुंता झाला.” ट्रेनरला वाटलं विनोद आहे, त्याने टाळ्या वाजवल्या. तो गेल्यावर काका खाली बसून लोकर गुंडाळू लागले, कारण धागा तसाच टाकून जाणं त्यांना जमत नाही. भाई समोर बसले आणि मनगटांवर लोकर घेऊन धरून राहिले. मी त्या दिवशी पत्रकासाठी काहीतरी जहाल शोधत होते, म्हणून ते मला दिसलं पण मी त्याचं काही केलं नाही. पत्रकात मागणी असते, चित्र नसतं.

त्यानंतर थोड्या दिवसांनी माझी जोडीदारीण आली नव्हती आणि माझ्या दोऱ्याचं टोक मोकळं होतं. भाई हॉल ओलांडून आले, टोक उचललं आणि ताणून धरलं. “असंच ना?” एवढंच विचारलं. काका बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच दुसरी वडी काढली आणि भाईंच्या समोर उभे राहिले.

पुढे हे रोजचंच झालं. जेवणाच्या सुट्टीत काका त्यांना फास शिकवायचे. भाईंना जमायचं नाही. काका म्हणायचे, बुटाची नाडी बांधताय का, भाई म्हणायचे, माझे बूट तरी सुटत नाहीत. संध्याकाळी फाटकाबाहेरच्या गाडीवर दोघं शेव-उसळ खायचे, तेही एका प्लेटमध्ये दोन चमचे घालून. त्यांना बघून मुलीही हळूहळू मिसळल्या. आमच्यातली एक त्यांच्यातल्या एकीच्या भावाच्या लग्नाला जाऊन आली. एचआरने यातलं काहीच केलेलं नव्हतं. एचआरने फक्त भिंतीवर ‘एक टीम, एक घर’ असं मोठं पोस्टर लावलं होतं.

मग पाणीपुरवठ्याचं एक लांबलचक पॅनेल आलं. अर्धं हॉलच्या आमच्या टोकाला बनवायचं, अर्धं त्यांच्या टोकाला, आणि शेवटी दोन्ही अर्धी जोडायची. काकांनी आम्हाला जवळ बोलावून सांगितलं की या वेळी प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावा. आम्ही बघतच राहिलो. ते म्हणाले, त्यांची माणसं आपल्या घरात आली आहेत, सारखं आपलंच कशाला चालवायचं, आणि भाईंना सांगू नका, त्यांना बरं वाटू दे. आम्ही सांगितलं नाही. पट्ट्या लावायची सवय नव्हती, त्यामुळे आमच्या पट्ट्या कुठे करकचून बसल्या, कुठे वाकड्या, आणि कापलेली शेपटं अशी टोकदार की हात सोलून निघाले.

दोन्ही अर्धी जोडायचा दिवस आला. दारं उघडली. आमच्या अर्ध्यात पट्ट्या होत्या. त्यांच्या अर्ध्यात मेणाचा दोरा होता. भाईंनीही त्यांच्या माणसांना गुपचूप तेच सांगितलं होतं: काकांची रीत आहे, आपण पाळू, त्यांना बरं वाटेल. त्यांचे फास पहिलीतल्या पोराने घातल्यासारखे, जाडजूड आणि उलटेसुलटे.

कोणी आधी हसलं ते आठवत नाही. मग सगळा हॉल हसला. भाई डोळे पुसत होते. काकांनी त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाले, “अरे, निदान विचारायचंस तरी.” ते त्यांना पहिल्यांदाच अरे-तुरे करत होते. त्या दुपारी आम्ही एक होतो. दोन कंपन्यांची माणसं एक होणं म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर मी ती दोन दारं उघडी करून दाखवीन.

क्वालिटीच्या माणसाने त्याच उघड्या दारांचे फोटो काढले. शेरा मारला: कामात एकसारखेपणा नाही, दोन्ही फोरमनमध्ये ताळमेळ नाही. पॅनेल सगळं उसवून पुन्हा बांधायला लागलं. आणि ज्याची वाट बघत होते ते कारण वरच्यांना मिळालं.

दोघांना वेगवेगळं बोलावलं. एचआरच्या मॅडमनी विचारलं की तुमच्या जोडीदाराबद्दल मोकळेपणाने सांगा. हे काकांनी मला कंपनीच्या बसमध्ये, तरसालीला परत येताना सांगितलं. मी विचारलं, तुम्ही काय म्हणालात? काका खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, “खरं तेच सांगितलं. म्हटलं, तो आता माझ्याविना हॉल चालवील.”

मी कपाळाला हात लावला. असं का म्हणालात, तुमची नोकरी पणाला लागलीय, असं मी बसमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. ते माझ्यावर चिडले. “मग काय सांगू? एवढे दिवस शिकवलं आणि येत नाही म्हणू? शिकवणाऱ्याची लाज जाते त्यात.”

भाईंनीही आपल्या परीने तेच केलं होतं, ते मला नंतर कळलं. काका माझ्याहून वरचे आहेत, मी त्यांच्या हाताखाली काम करायला तयार आहे, असं ते म्हणाले होते. पण विकत घेणारी कंपनी भाईंची. दोन चांगल्या शब्दांपैकी कोणता वापरायचा हे तिच्या हातात होतं. तिने काकांचा वापरला. मी मॅडमना जाब विचारायला गेले तेव्हा त्या रागावल्या नाहीत, उलट समजावल्यासारखं बोलल्या: त्यांनी स्वतःच सांगितलं ना, त्यांच्याविना चालेल. टीमसाठी किती परिपक्व विचार आहे हा. मी त्यांना काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. छापण्यासारखं नव्हतं.

दिवाळीच्या आत काका गेले. कँटीनमध्ये केक कापला. पोस्टर तसंच होतं. ते जाताना मेणाची वडी आणि दोऱ्याचं रीळ भाईंच्या हातात देऊन गेले. मी त्या रात्री पत्रक लिहिलं, आणि सकाळी छापायच्या आधी त्यांना दाखवायला घरी नेलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. एका ओळीत मी भाईंना मालकांचा माणूस म्हटलं होतं. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि काढून टाक म्हणाले. मी वाद घातला. ते म्हणाले, ओळ नको, नाहीतर पत्रक नको. ओळ काढली. पण हॉलला माझी ओळ लागत नव्हती. हॉलने ती स्वतःच लिहिली होती.

दुसऱ्याच दिवसापासून आमच्या मुली भाईंशी बोलेनाशा झाल्या. घरजावईच घराचा मालक झाला, असं त्यांच्या तोंडावर बोलल्या. त्यांच्याकडच्या मुलींना ते टोचलं, आणि त्यांनी आमच्या बाकांकडे येणं सोडलं. लग्नाला जाऊन आलेलीने लग्नघरून मिळालेला डबा परत केला, रिकामा. कंपनीने दोरा बंद केला, सगळीकडे पट्ट्या. आता कामात एकसारखेपणा आहे. शेरा येत नाही. अहवालात बहुधा आम्ही एक टीम झालो असू.

काका आता तरसालीत सोसायट्यांच्या पाण्याच्या मोटारींचे बोर्ड दुरुस्त करतात, काम मिळेल तेव्हा. मी त्यांना एकदा जिन्याखाली बसून वायरी बांधताना बघितलं. प्लॅस्टिकच्या पट्ट्या होत्या. दोरा कुठे, विचारलं. म्हणाले, दोरा दिला. धाकटीचं कॉलेज सुटल्याचं त्यांच्या बायकोने मला सांगितलं, त्यांनी नाही.

परवा सकाळी मी हॉलमध्ये जरा लवकर गेले, पत्रकं वाटायला. भाई एकटेच होते. त्यांनी काकांचं रीळ काढलं होतं आणि दोऱ्याला मेण लावू बघत होते, दुसरं टोक जमिनीवर लोळत होतं. कशासाठी, कोण जाणे. त्या दोऱ्याला आता हॉलमध्ये काम नाही. त्यांनी आधी विचारलं, “बेन, काका कसे आहेत?” मी बोर्डांचं सांगितलं, मुलीचं सांगितलं. मऊ करून सांगायची माझी सवय नाही. तुम्ही त्यांच्या घरी का जात नाही, असंही विचारलं. ते म्हणाले, फाटकापर्यंत जाऊन आलो, बेल वाजवायला हात वर गेला नाही.

मी पत्रकं बाकावर ठेवली आणि दोऱ्याचं दुसरं टोक उचलून ताणलं. भाई दोन पावलं मेण चोळत आले. मग बाहेर बस थांबल्याचा आवाज झाला, आमच्या मुली उतरू लागल्या. ते थांबले.

“राहू द्या, बेन. तुमच्याशीही बोलणं टाकतील.”

त्यांनी माझ्या हातातून टोक हळूच काढून घेतलं, खिडकीच्या गजाला बांधलं, काकांनी शिकवलेल्या फासाने, बरोबर बांधलं, आणि पाठ फिरवून एकटेच मेण चोळत राहिले.