मास्तरांचं मागणं

मी शिकवत होतो त्या शाळेतल्या सुतारकामाच्या ख्रिस्ती मास्तरांइतका नम्र माणूस अख्ख्या मध्यभारतात नव्हता, आणि त्या नम्रतेपायी वहिनींचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे, जेवढे हाल झाले तेवढे एखाद्या उर्मट नवऱ्यानेही केले नसते. गल्लीतल्या नळावर मास्तर आपली बादली प्रत्येकाच्या मागे सरकवत. त्यांची पाळी येईतो पाणी गेलेलं असे. कुणी त्यांच्या पायावर पाय दिला तर माफी तेच मागत. माणसानं आत्म्याने दीन असावं, ही प्रभूची शिकवण ते रंध्याला धार लावता लावता मला समजावून सांगत. घेणं मात्र त्यांना जमत नसे. एकदा घरातलं मीठ संपलं तेव्हा दोन दिवस अळणी जेवले, पण भिंतीपलीकडे राहणाऱ्या माझ्याकडे चिमूटभर मागितलं नाही.

एका सकाळी वहिनींच्या पोटात कळा सुरू झाल्या. टांगा करून आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. ओसरीवर वीसेक माणसं बसलेली, आणि डॉक्टरीणबाई बाराला महूला निघणार होत्या. मास्तर सवयीने सगळ्यांच्या शेवटी बसले. शिवाय मागून आलेल्या एका म्हाताऱ्याला आपल्या पुढची जागा दिली. साडेअकरा झाले. वहिनी बाकावर मुडपून पडल्या होत्या, ओठ पांढरेफटक. मी आत जाऊन सांगायला उठलो, तर मास्तरांनी माझा हात धरला.

"सगळेच दुखणेकरी आहेत, भिया," आमच्याकडे भावाला म्हणतात तसं ते म्हणाले. " मी पुढे कसा घुसू?"

वहिनींनी डोळे उघडले. "घुसू नका," त्या हळूच म्हणाल्या. "मागा."

मास्तर उठले. पहिल्या माणसापुढे हात जोडले. नुसतेच रडायला लागले. मग कसंबसं म्हणाले, "मेरी बीवी मर रही है. आपका नंबर मुझे दे दो." असं एकेकापुढे जाऊन मागत ते दारापर्यंत पोचले. दाराशी बसलेला पगडीवाला बाजूला होत म्हणाला, "अरे मास्टरजी, पहले बोलना था ना."

अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. डॉक्टरीणबाईंनी महूला जाणं रद्द केलं, आणि वहिनी वाचल्या. संध्याकाळी मास्तर मला म्हणाले, "इतकी वर्षं सगळ्यांना देत आलो, म्हणजे मनातून मी श्रीमंतच होतो. आज पहिल्यांदा माझ्यापाशी काही नव्हतं."

पुढे ते मागू लागले, जरा जास्तच. साखर, छत्री, माझी सायकल. कधी कधी गरज नसतानाही. निवृत्त झाल्यावर दोघं मुलीकडे खंडव्याला गेले. काही वर्षांनी त्यांचं पोस्टकार्ड आलं: ही गेली, करमत नाही, एकदा येऊन जा. सुट्टी लागली की येतो, असं मी कळवलं. सुट्ट्या आल्या नि गेल्या. माझं जाणं राहूनच गेलं.