यादीबाहेरच्या लाल टिकल्या

"त्या टिकल्या हिशेबात धरू नकोस," असं आज दुपारी सायली म्हणाली आणि माझं सगळंच बदललं.

मंडळी, कॉलेज अर्धवट सोडून मी तिच्या रिसर्च टीमची गाडी चालवतो, नोट्स घेतो. तिच्या प्रेमापोटी, हे तुम्हाला माहीतच आहे.

आज एका नेटिव्ह अमेरिकन वस्तीत मीटिंग होती. आरोग्याच्या कोणत्या प्रश्नावर संशोधन व्हावं, ते तिथल्या लोकांनी ठरवायचं होतं. तक्त्यावर डायबेटिस वगैरे चार विषय छापलेले. जो विषय पटेल, त्यावर प्रत्येकाने लाल स्टिकरची टिकली लावायची. एका आजींनी कडेच्या कोऱ्या जागेत 'विहिरीचं पाणी' लिहिलं आणि टिकली लावली. मग सगळ्यांनी तिथेच लावल्या.

लोक गेल्यावर सायली म्हणाली, "यादीतले विषय मान्य झाले, एवढंच लिही."

"अगं, यादीवर एकही टिकली नाहीये!"

"ग्रँट डायबेटिसची आहे यार. डिग्री पूर्ण केली असतीस तर कळलं असतं."

लागलं मला. तरी जे घडलं तेच लिहिलं आणि फोटोसकट टीमला पाठवलं, त्या आजींनाही.

विषय आधीच ठरला होता तर त्या लोकांना बोलावलं कशाला? सांगा ना!

"आता माझ्याशी बोलू नकोस," सायली म्हणाली.

गाडीची किल्ली टेबलावर ठेवली, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.