एका प्लॉटवर दोन नारळ

शेजारी कोणी मिरची कांडायला लागलं की मला ठसका लागतो आणि शेलूबाजारचा तो प्लॉट डोळ्यांपुढे उभा राहतो. नवऱ्याच्या पगारात घर जेमतेम भागायचं, म्हणून मी मागच्या खोलीत मिरची कांडपाचं मशीन टाकलं होतं आणि त्या कमाईतून हायवेलगत प्लॉट घेतला होता. भाव वाढला की विकून दुसरा घ्यायचा, असं मनात होतं. खरेदी झाल्यावर कुंपणाआधी नारळ फोडायला आम्ही दोघं गेलो, तर तिथं एक जोडपं आधीच उभं. बाई दगडाला हळदकुंकू वाहत होती. "ताई, तुमचा प्लॉट बाजूचा असन," मी म्हटलं. "नाही व माय, हाच हाय. पापड लाटून लाटून घेतला मी," ती म्हणाली. नंबर एकच निघाला, विकणाराही एकच. माझ्या नवऱ्याने त्याला फोन लावला, मग तिच्या नवऱ्याने लावला, फोन बंद. ऊन चढत होतं, ट्रक धूळ उडवत जात होते. भांडावं तरी कोणाशी? "आता काय करावं व बाई?" तिनं मलाच विचारलं. तिनं आपल्या फोडलेल्या नारळाचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि मी तो खाल्ला. आता कोर्टात तारखेला आम्ही भेटतो. खटल्यात आम्ही एकमेकींच्या विरुद्ध आहोत. दोघींच्याही वकिलांनी बजावलंय, त्या बाईशी बोलायचं नाही. म्हणून एकाच बाकावर बसून आम्ही समोरच्या भिंतीकडे बघत राहतो.